पालथे तपेले

मी एक जुने पितळी तपेले आहे. माझ्या बुडाला आता तीन भोके आहेत आणि पोटात माती आहे. पण मित्रांनो, एके काळी नागरवाड्याचा अख्खा नाका माझी वाट बघत असे.

टाकीचे घाव सोसल्यावर दगडाला देवपण येते म्हणतात. कंसाराच्या, म्हणजे तांबटाच्या, हातोडीचे घाव सोसून मला नुसते मोठे पोट आले. बळवंतरावांना तेच आवडले. त्यांनी मला आपल्या सेव-उसळीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, बसवले. त्यांचे पणजोबा गायकवाडी फौजेत घोडेस्वार होते. "ते घोड्यावर, मी लारीवर," असे ते गिऱ्हाइकांना हसत सांगत.

सकाळी त्यांच्या पत्नी चिमणाबाई माझ्यात उसळ शिजवीत. दुपारी दोनला माझा तळ दिसे. मग बळवंतराव मला विसळून लारीवर पालथे घालीत. तरी उशिरा आलेला कोणीतरी विचारीच, "खलास, काका?"

"खलास थई गयु. काले वहेला आवजो," बळवंतराव गुजरातीत उद्या लवकर यायला सांगत.

लोक 'पालथ्या घड्यावर पाणी' म्हणत कोणालाही हिणवतात. आमच्या नाक्यावर मात्र तपेले पालथे दिसले की समजावे, बळवंतराव आता घरी जाऊन बायकोबरोबर जेवणार आणि मग तासभर झोपणार. मी फार सुखात होते.

मग शहराच्या कडेला, गोत्रीत, नव्या सोसायट्या उठू लागल्या. रोजचे गिऱ्हाईक जगदेवराव एकदा म्हणाले, "बळवंतराव, दुनिया कुठे चालली आणि तुम्ही दोनला झोपता? गोत्रीला हॉटेल टाका. चाललं तर पाच टाका." ते वाक्य बळवंतरावांच्या डोक्यातून जाईना. खोटे कशाला बोलू, मलाही गुदगुल्या झाल्या होत्या.

चिमणाबाई म्हणाल्या, "अहो, आधी एक दुसरं तपेलं घेऊ. तेही रोज संपतं का बघू. मग गोत्रीचं बोला."

"तू तपेल्याच्या पलीकडे बघतच नाहीस."

लारी विकली गेली. हॉटेलात स्टीलची तीन दांडगी पातेली आली. मला शोभेसाठी दारात ठेवायचे ठरले. बळवंतरावांनी स्वतः खिळा ठोकून माझ्या बुडाला भोके पाडली, माती भरली आणि मनीप्लांट लावला. ते इतके आनंदात होते की मला ओरडावेसेही वाटले नाही.

पहिले काही महिने गर्दी झाली. पुढे उसळ उरू लागली. टाकवत नाही म्हणून ती दुसऱ्या दिवशीच्या उसळीत मिसळू लागली. दोन वाजोत की पाच, बळवंतराव उभेच. तिथे कोणतेच पातेले कधी पालथे पडले नाही. एके दिवशी एका बाईंनी चमचा खाली ठेवला. "काका, आ कालनी छे ने?" कालचीच उसळ ना, असे ती विचारत होती. बळवंतरावांनी मान खाली घातली. मी दारातून बघत होते आणि मला काहीही करता येत नव्हते.

दोन वर्षांत शटर खाली आले. नाक्यावर आता दुसऱ्याची लारी उभी असते. बळवंतराव सावली गावच्या एका कारखान्यात कँटीनचा स्वयंपाक करतात. सकाळच्या बसने जातात, दिवेलागणीला येतात. चिमणाबाई दुपारी एकट्या जेवतात. मी त्यांच्या गॅलरीत आहे, माझ्यात आता तुळस आहे.

परवा रविवारी दोन वाजता बळवंतराव गॅलरीत आले. सवयीने त्यांनी माझ्या काठाला दोन्ही हात घातले आणि मला उचलून तिरपे केले. थोडी माती सांडली, तुळस हलली. ते तसेच थांबले. मग मला हळूच सरळ ठेवून सांडलेली माती बोटांनी परत भरू लागले.

आतून चिमणाबाईंनी हाक मारली, "अहो, पान वाढलंय."

"आलो," ते म्हणाले, पण माती भरतच राहिले.

मित्रांनो, तपेले मोठे घ्या, हवे तर पाच घ्या. पण दिवसातून एकदा ते पालथे घालता येईल, एवढेच भरा.