झावऱ्यांची रिकामी साईट

उत्तमराव बोरुड्यांना निवृत्तीनंतर पोटदुखी जडली. सावेडीतल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, तेलकट बंद केलं. फरक पडेना. पडणार कसा? दुखणं समोरच्या बंगल्यात राहत होतं आणि त्याचं नाव श्रीमंत झावरे होतं.

दोघं नागापूरच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात लागले आणि एकाच साली निवृत्त झाले. उत्तमराव स्टोअरकीपर, श्रीमंत तपासणी खात्यात. प्लॉट समोरासमोर, स्कूटरी एकाच रंगाच्या. उभ्या नोकरीत श्रीमंताने उत्तमरावांच्या पुढे जाण्यासारखं काही केलं नाही, म्हणून मैत्री टिकली.

मग इंटरनेट आलं.

यात चूक उत्तमरावांचीच होती. पुण्याला नोकरी करणाऱ्या प्रवीणने, त्यांच्या मुलाने, जुना कॉम्प्युटर बापाला दिला आणि वेबसाईट कशी काढायची ते दाखवलं. अमेरिकेतली कुठलीशी कंपनी फुकट जागा द्यायची. आपण घरी लिहायचं, फ्लॉपीत भरायचं, चौकातल्या प्रशांतच्या सायबर कॅफेत जाऊन वर चढवायचं, की जगात कुणीही वाचायला मोकळा. उत्तमरावांनी वेबसाईट काढली आणि त्या आनंदात श्रीमंतालाही शिकवली. नगर जिल्ह्यात धोंडे काही कमी नाहीत, पण स्वतःच्या पायावर पाडून घेण्यासाठी इतका नेमका धोंडा क्वचितच कुणी निवडला असेल.

उत्तमराव विनोदी लिहीत. निदान मथळ्याखाली 'विनोदी लेख' असं ते न चुकता लिहीत. श्रीमंत आपला पारनेर तालुक्यातल्या गावाबद्दल लिही. बैलबाजार, शाळेचे मास्तर, सप्त्यातली आमटी-भाकरी. सोबत जुने फोटो. त्यात विनोद नाही, शैली नाही, काही नाही. आणि लोक तुटून पडले. कुणी बहारीनहून लिहिलं, "काका, आमटीचा वास आला." शिकागोच्या एका बाईंनी लिहिलं की वाचून रडू आलं. उत्तमरावांच्या अभिप्रायाच्या पानावर एकच अभिप्राय होता, तोही प्रवीणचा: "बाबा, बीपीची गोळी घेता का?"

सगळ्यात वाईट म्हणजे पानाच्या तळाशी आकडा असायचा. आजवर किती पाहुणे येऊन गेले, ते सांगणारा. श्रीमंताचा आकडा उसाच्या ट्रॅक्टरसारखा थांबायचं नाव घेत नव्हता. उत्तमरावांचा आकडा पंक्चर काढायला बसल्यासारखा एका जागी.

"काका, तुमचा आकडा आज सातने वाढला," प्रशांत एकदा म्हणाला.

"बघ! येतात लोक. हळूहळू येतात."

"सातही वेळा तुम्हीच उघडली काका. मी इथंच बसलोय."

त्या दिवसापासून उत्तमरावांनी वेगळं काम हाती घेतलं. श्रीमंताचा लेख आला, की ते कॅफेत जाऊन तो फोटोंसकट फ्लॉपीत उतरवून घरी आणू लागले. हेतू स्वच्छ होता. घरी निवांत बसून चुका काढायच्या आणि एक दिवस सणसणीत टीका लिहायची. चुका सापडेपर्यंत लेख दोन-तीनदा वाचावा लागे. आमटीचा लेख तर पाच वेळा वाचावा लागला.

"आज कसा आहे हो भावजींचा लेख?" रंगूबाई, त्यांची बायको, स्वयंपाकघरातून विचारायच्या.

"टुकार."

"मग हसताय कशाला?"

"टुकार आहे म्हणून."

फ्लॉप्या संपल्या. नव्या आणणं जिवावर आलं, तेव्हा उत्तमरावांनी आपल्या विनोदी लेखांच्या फ्लॉप्या पुसून त्यात श्रीमंताचे लेख भरले. आपले काय, वेबसाईटवर आहेतच.

नव्व्याण्णव सालच्या नवरात्राआधी घरोघरी साफसफाई निघाली. भांडी अंगणात, गाद्या गच्चीवर, घर पार रिकामं करायचं, धुऊन-पुसून मग एकेक वस्तू आत घ्यायची. श्रीमंताच्या मनात आलं, वेबसाईट तेवढी का पारोशी ठेवा? कॉम्प्युटर सारखा अडत होता, अमेरिकेतली जागाही भरत आली होती. त्याने सगळे लेख, सगळे फोटो फ्लॉप्यांत भरले. मग कॉम्प्युटर पुसून कोरा केला. मग कॅफेत जाऊन वेबसाईटवरचंही एकूण एक काढून टाकलं. वर फक्त एक ओळ ठेवली: 'साफसफाई चालू आहे.' दसऱ्याच्या मुहूर्तावर सगळं परत मांडायचं. घर आवरण्याची हीच रीत आहे. फक्त घर आवरताना अंगणातल्या सामानावर नजर ठेवायला कुणीतरी बसतं.

दसऱ्याला संध्याकाळी उत्तमराव आपट्याची पानं घेऊन समोर गेले. श्रीमंत खुर्चीत बसला होता. चांगुणाबाई, त्याची बायको, दाराआड डोळे पुसत होत्या.

"सोनं घे, सोन्यासारखा राहा," उत्तमराव म्हणाले. "काय रे? कुणी गेलं की काय?"

"मीच गेलो," श्रीमंत म्हणाला आणि टेबलाकडे बोट केलं.

टेबलावर फ्लॉप्या मांडल्या होत्या. प्रत्येकीवर झेंडूचं फूल.

"काल खंडेनवमी हुती ना भावजी," चांगुणाबाई म्हणाल्या. "शिलाई मशीन पुजली, विळी पुजली, स्कूटर पुजली. म्हनलं, यांचं हत्यार तर हेच हाय. पानी शिंपडलं, हळद-कुंकू वाह्यलं."

"वरून?"

"वरून कसं? ते पत्र्याचं दार सरकतंय की. दार सरकवलं अन् आत लावलं. टिळा देवाला लावायचा असतोय, गाभाऱ्याच्या दाराला न्हाई."

एकही फ्लॉपी सुटली नव्हती. चांगुणाबाईंनी देवात आपपरभाव केला नव्हता.

उत्तमरावांच्या पोटातली कळ त्या क्षणी थांबली. इतक्या महिन्यांत प्रथमच. त्यांनी चेहरा लांब केला, जीभ टाळूला लावून च्चक् केलं आणि म्हणाले, "चल, प्रशांतकडे बघू. काहीतरी निघेल." काही निघणार नाही याची खात्री असल्याशिवाय ते असं म्हणाले नसते.

प्रशांतने कापूस आणि स्पिरिट घेतलं. एकेक फ्लॉपी पुसून मशीनमध्ये घातली. मशीनने चक्कीत खडा अडकल्यासारखा आवाज काढला. चौथीनंतर मशीनच बंद पडलं. उघडून पाहिलं तर आत अक्षत निघाली.

"झावरे काका, घरच्या मशीनवर?"

"कोरं केलं."

"वेबसाईटवर?"

"धुऊन काढली."

"मग तिसरी प्रत कुणाकडे?"

"तिसरी प्रत कोण ठेवतं?" श्रीमंत म्हणाला.

उत्तमराव खिडकीबाहेर पाहू लागले. चौकात पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांनी ते बराच वेळ पाहिलं.

"संपलं," श्रीमंत घरी परतताना म्हणाला. "परत नाही लिहिता यायचं. मास्तरांचा तो फोटो तर मूळचाच गहाळ झालाय. आणि चांगुणा सकाळपासून जेवली नाही. मी एका शब्दाने बोललो नाही, तर म्हणते, बोलत नाही म्हणजे जास्त रागावलेत."

उत्तमराव 'अरेरे' म्हणाले. त्या रात्री त्यांना झोप फार छान लागली. सकाळी त्यांनी तेलकट खाल्लं. पचलं.

आता मैदान मोकळं होतं. चार दिवसांनी ते कॅफेत गेले, आपला आकडा पाहिला. तिथेच. मग सहज, सांत्वन म्हणून, श्रीमंताची रिकामी साईट उघडली.

आकडा वाढला होता. थोडाथोडका नाही.

"हे कसं काय?" उत्तमरावांचा आवाज चिरकला. "त्याने सगळं काढून टाकलंय ना?"

"लेख काढले, काका. आकडा आणि अभिप्राय दुसऱ्या कंपनीकडे असतात, ते तसेच राहतात. लोक रोज येऊन बघतायत, साफसफाई झाली का."

उत्तमरावांनी अभिप्राय उघडले. 'काका, तब्येत बरी आहे ना?' 'काकूंना सांगा, कमी आवरा.' शिकागोच्या बाईंनी तर लिहिलं होतं, 'तुमच्या रिकाम्या पानालाही गावचा वास आहे.'

ही ओळ उत्तमरावांच्या वर्मी बसली. लेख लिहून श्रीमंत पुढे गेला, तो अन्याय एक वेळ सोसता आला असता. पण एक ओळ लिहून, घरात हातपाय पसरून, शोक करत बसलेला माणूस पुढे जातो? आणि आपण चार-चार पानी विनोद करून पंक्चरच्या दुकानात? पोटात कळ आली ती थेट पाठीपर्यंत गेली. तो दहा वर्षं लिहिणार नाही, आणि दहा वर्षं आकडा वाढत राहील. लेख असले की निदान एखादा फसतो. रिकामं पान फसणार कसं?

याला उपाय एकच होता, आणि तो घरी बुटांच्या खोक्यात होता.

पण खोकं दिलं म्हणजे कबुली आली. झावऱ्याचा लेखन् लेख बोरुड्याने जपून ठेवलाय, हे सावेडीभर होणार. उत्तमराव खोकं मांडीवर घेऊन संध्याकाळभर बसले.

"द्या नेऊन," रंगूबाई म्हणाल्या. "चांगुणा पाणी पिऊन दिवस काढतीये. आणि तुम्हाला तरी वाचायला दुसरं काय आहे?"

"मी चुका काढायला ठेवलेत."

"काढल्या का?"

उत्तमरावांनी चपला घातल्या.

श्रीमंताने खोकं उघडलं. एकेक फ्लॉपी बाहेर काढून पाहिली. आमटी होती, बैलबाजार होता, मास्तर होते. चांगुणाबाई हातातलं भांडं तसंच धरून दारात आल्या.

"सगळे?" श्रीमंत म्हणाला. "एकूण एक?"

"स्टोअरची सवय," उत्तमराव भिंतीकडे पाहत म्हणाले. "माल आला की एक नमुना ठेवायचा. बाकी काही नाही."

"अरे, मी दर लेखाला वाट बघायचो तू काही बोलशील म्हणून. तू म्हणायचास, वेळ नाही झाला."

"नव्हताच वेळ."

"भावजी," चांगुणाबाई म्हणाल्या, "आता जेवूनच जायचं," आणि आत गेल्या. फोडणीचा आवाज आला तेव्हा श्रीमंताने डोळ्यांवरचा चष्मा उगाच पुसला. मग त्याच्यातला तपासणी खात्याचा माणूस जागा झाला.

"माझे लेख एवढे जपलेस, म्हणजे तुझ्या स्वतःच्या लेखांच्या दोन-दोन प्रती असतील."

उत्तमराव खोक्याचं झाकण लावू लागले.

"उत्तम?"

"एकही नाही."

"का?"

"तुझ्यासाठी फ्लॉप्या कमी पडल्या."

श्रीमंताला हसावं की रडावं कळेना, त्याने दोन्ही थोडं थोडं केलं.

दोनच दिवसांत झावऱ्यांची साईट परत भरली. आकडा असा उधळला की प्रशांतने पेढे वाटले. श्रीमंताने नवा लेखही लिहिला: समोरच्या बंगल्यातल्या स्टोअरकीपरवर. तो तर सगळ्यांत जास्त वाचला गेला. उत्तमरावांनी तो फ्लॉपीत उतरवून घेतला. टुकार होता. चार वेळा वाचावा लागला.

त्या रविवारी सकाळी श्रीमंत आणि चांगुणाबाई दोघं आले. श्रीमंताने खिशातून एक फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली. वर कोरडं हळद-कुंकू, बाहेरून, पत्र्याचं दार बंद.

"काल कॅफेत बसून तुझी अख्खी वेबसाईट उतरवून घेतली," तो म्हणाला. "आता तुझी प्रत माझ्याकडे, माझी तुझ्याकडे. एक मी घरी ठेवलीय, ही तुझी."

उत्तमरावांना भरून आलं. फ्लॉपी हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिली. मग श्रीमंताच्या खिशाकडे पाहिलं.

"बाकीच्या?"

"बाकीच्या कसल्या?"

"माझी अख्खी वेबसाईट एका फ्लॉपीत बसली?"

"आरामात," श्रीमंत निर्मळपणे म्हणाला. "अर्धी रिकामी आहे अजून."

उत्तमरावांनी पोटावर हात दाबला. रंगूबाई चहा घेऊन बाहेर आल्या तोवर ते कॉम्प्युटर चालू करून बसले होते, आणि पाहुणे जायच्या आत त्यांनी मथळा लिहून त्याखाली 'विनोदी लेख' असं टाकलंही होतं.