अकरा वर्षांचा पांढरा शर्ट

घड्याळजींच्या संसारावर गदा आली ती अंगावर एकही डाग नसल्यामुळे.

झालं असं, की हा गृहस्थ अकरा वर्षं आठवड्यातून तीन रात्री धक्क्यावर म्हाकूळ पकडायला जात होता आणि पहाटे तोच पांढराशुभ्र शर्ट घालून घरी येत होता. आता म्हाकूळ, म्हणजे स्क्विड, हा काही साधासुधा मासा नव्हे. त्याला पकडायचा गळ म्हणजे जिग: रंगीत प्लॅस्टिकची कोळंबी, तिच्या शेपटीला सुयांचा झुपका. त्यात अडकला, की म्हाकूळ वर येता येता समोरच्यावर काळी शाई फवारतो. धक्क्यावरचे बाकीचे लोक घरी परतायचे ते छपाईच्या यंत्रातून निघाल्यासारखे.

त्यात घड्याळजींची बायको चालवायची लॉन्ड्री. डागांच्या बाबतीत तिला फसवणारा अजून जन्माला यायचा होता. गिऱ्हाइकाने म्हणावं, "सॉस सांडला हो," आणि तिने कपड्याच्या चिठ्ठीवर शांतपणे लिहावं, "लिपस्टिक." डोळ्यांना दिसेल तेच ती चिठ्ठीवर लिहायची, मग समोर कोणी का असेना.

"अहो, अकरा वर्षांत एक थेंब नाही?" एके दुपारी ती म्हणाली. "म्हाकूळ काय, बाजारातही मिळतात. तुम्ही रात्री जाता कुठे?"

 बिचाऱ्या घड्याळजींना भांडता कधी आलंच नाही. संध्याकाळी त्यांची उशी जिन्यावरून खाली, दुकानातल्या इस्त्रीच्या टेबलावर आली. डाग आणा, मग वर या. आणि हाताने चोळलेला डाग चालणार नव्हता. उडालेला कुठला आणि चोळलेला कुठला, हे ती झोपेतही सांगू शकली असती.

धक्क्यावर ही बातमी कळल्यावर सगळे कंबर कसून उभे राहिले. एका माणसाचा संसार वाचवायचा होता. म्हाकूळ उजेडाकडे येतात, म्हणून पाण्यावर दिवा सोडला. घड्याळजींनी जिग टाकला, तळाशी जाऊ दिला, दोन हलके झटके दिले आणि थांबले. दोर जड झाला. म्हाकूळ वर आला. घड्याळजींनी छाती पुढे काढून डोळे मिटले.

काही नाही. म्हाकूळ त्यांच्याकडे सभ्यपणे बघत लोंबकळत राहिला.

दुसरा तसाच. तिसऱ्याच्या वेळी निवृत्त हेडमास्तरांचा पारा चढला. त्यांनी दोर हिसकावून स्वतः वर ओढला आणि म्हाकुळाला नाकासमोर धरून सुनावलं, "सगळ्या गावावर उडवतोस, या एका सज्जन माणसावर उडवायला काय होतं रे तुला?" म्हाकुळाने हेडमास्तरांचा चष्मा काळा केला.

"थांबा," बस कंडक्टर म्हणाला. माणसांच्या हातांकडे बघण्यातच त्याची सारी नोकरी सरली होती. "घड्याळजी, परत टाका. आणि या खेपेला स्वतःच्या हातांकडे बघा."

घड्याळजींनी बघितलं आणि ओशाळले. म्हाकूळ पाण्याच्या वर आला रे आला, की त्यांचे हात त्याला परत खाली बुडवत, तोंड पलीकडे वळवत, शाई पाण्यात रिकामी होऊ देत आणि मगच वर घेत. हात इतके सरावले होते, की मालकाला विचारायचंही त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

मग हेडमास्तरांनी मागून त्यांची दोन्ही मनगटं घट्ट धरली आणि कंडक्टरने दोर ओढला. म्हाकूळ छातीसमोर आला. घड्याळजींचे हात सुटायला धडपडले, पण हेडमास्तरांनी तीस वर्षं कान पिळले होते, पकड मजबूत होती. फस्सकन शाई उडाली. धक्क्यावर टाळ्या पडल्या.

पहाटे बायकोने शर्ट काउंटरवर पसरला. उजेडाकडे धरला, नाकाशी नेला. बाह्यांवर शाईचे शिंतोडे होते, फक्त मनगटांपाशी बोटांचे पांढरे ठसे राहिले होते. तिथे तिचं बोट थांबलं.

"हात कुणी धरले होते?"

"हेडमास्तरांनी."

"का?"

"मीच म्हाकुळाला आधी पाण्यात रिकामा करतो. सवय झालीय."

"कसली मेली सवय?"

घड्याळजी उघड्या अंगाने उभे होते.  "तू दिवसभर लोकांचे डाग काढतेस. म्हटलं, घरचा एक आणखी कशाला."

 मग तिने चिठ्ठी ओढून लिहिली आणि शर्टाला टाचणीने लावली. घड्याळजींनी उलट्या बाजूने वाचलं.

"म्हाकूळ. धुवायचा नाही."

मान वर करून बघतात तर ती त्यांची उशी बगलेत मारून जिना चढत होती.