भिंतीवरचे ल्युबोवाच

अनिलकुमारशेठनी आपल्या टॉवेलच्या कारखान्यात क्रोएशियाचं एक सरदार घराणं आणून टांगलं होतं. ऑफिसची अख्खी भिंत ल्युबोवाच मंडळींच्या तसबिरींनी अडवली होती. कोणी तुर्कांशी लढताना पडलेला, कोणी व्हिएन्नाच्या बादशहासाठी मेलेला. मिशा तेवढ्या सगळ्यांच्या सारख्या. त्यांचा आजचा वंशज हॉटेलांना टॉवेल पुरवायचा आणि आज माल बघायला सोलापुरात यायचा होता. त्यामुळे शेठ सकाळपासून अंगात आल्यासारखे नाचत होते.

शिलाई खात्यातल्या गुरम्माला या मिशांचं काडीचं अप्रूप नव्हतं. तिचा शिवू रजा संपवून संध्याकाळच्या गाडीनं सीमेवर परत चालला होता. नवराही फौजेतच होता. तो शेवटचा ड्यूटीवर गेला तेव्हा ती मैंदर्गीला माहेरी होती, आणि परत आली ती त्याची शवपेटी. म्हणून पोराला तरी स्टेशनवर जाऊन डोळे भरून बघायचं, एवढंच तिला हवं होतं.

"साहेब, जरा लवकर सोडा की. पोरगं ड्यूटीवर चाललंय."

"आजच? मग पाहुण्यांवर फुलं कोण टाकणार?" शेठ खेकसले. "तीनशे वर्षं रक्त सांडलेलं घराणं आहे, गुरम्मा! जरा मान ठेवायला शिका."

राहिली बिचारी उभी, फुलांचं ताट धरून. पाहुणा आला. शेठनी त्याला फेटा बांधला आणि त्याच्याच घराण्याचा इतिहास त्यालाच वाचून दाखवायला घेतला. "या घरच्या बायका किल्ल्याच्या दारात उभ्या राहून पोरांना निरोप द्यायच्या," इथवर आले आणि त्यांचा रुमाल निघाला. पाहुणा आपला टॉवेलचं सूत चाचपत होता.

गुरम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताट शेठच्या टेबलावर आदळून ती तडक निघाली. रिक्षानं स्टेशन गाठेपर्यंत गाडी हलली होती. प्लॅटफॉर्मवर ती एकटीच ढसाढसा रडली.

इकडे पाहुण्यानं विचारलं, बाई का गेली? ऑफिसातल्या प्रियंकानं खरं ते सांगून टाकलं. ते ऐकून तो आदरानं उठून उभा राहिला म्हणे. मग काय विचारता! शेठना देशभक्तीचा झटकाच आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या बायकांना ऑफिसात बोलावलं, टाळ्या वाजवायला लावल्या. भिंतीवर ल्युबोवाचांच्या रांगेत शेवटी शिवूचा वर्दीतला फोटो होता, प्रियंकाच्या मोबाइलवरून मोठा केलेला. शेठनी हौसेनं सगळ्या पूर्वजांना चंदनाचे हार घातले होते. शिवूलाही घातला होता.

"बघा, तुमच्या पोराला कुणाच्या पंगतीला बसवलं!" शेठ म्हणाले.

गुरम्मा स्टुलावर चढली. तिनं हार ओरबाडून काढला, फोटो उतरवला आणि पदरानं पुसला.

"साहेब," ती म्हणाली, "माजं पोरगं जित्तं हाय की वो अजून."