आलीस का गं?

मी एक टॅब बोलतोय. आवाज बाईचा वाटला तर दचकू नका. माझ्याकडे हा एकच आहे.

कारखान्यातला जन्म फारसा आठवत नाही. पांढरे हातमोजे आणि मग खोक्यातला अंधार, एवढंच. जाग आली ती दोन बहिणींच्या घरात. थोरली ताई. तिनं उभा जन्म एका रुग्णालयाच्या टेलिफोनवर काढलेला. 'थांबा हं, जोडून देते,' असं ती म्हणाली की रडणारी माणसंही शांत व्हायची म्हणे. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला. तिचे केस पिकले तरी ताईसाठी ती छोटीच.

ताईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी सरळच सांगितलं. म्हणून तर तिचा आवाज साठवून ठेवायला मला आणलं. खोलीत आवाज घुमतो म्हणून ताई कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून माझ्याशी बोलायची. 'पाणी दे.' 'उशी वर कर.' 'टीव्ही बंद कर गं, डोकं उठलं.' प्रत्येक वाक्याला माझ्या पडद्यावर एक बटण.

एकदा ती म्हणाली, 'येते गं, दार लावून घे.'

छोटी हसली. "अगं, हे कशाला? तू कुठे निघालीस मला सोडून?"

"असू दे. बाहेर पडताना काय मुक्यानं जाऊ?"

ऑपरेशननंतर ताई माझ्यातून बोलू लागली. पण मी स्वस्तातला, माझं पोट लहान. 'जागा शिल्लक नाही' अशी पाटी दाखवून मी मध्येच अडायचो. ताईचं पाणी 'पा'वरच थांबायचं. मेमरी कार्ड घालून पाहिलं, तर बोलायचं अ‍ॅप कार्डावर जायला तयार नाही.

मग भाच्याला बोलावलं. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान.

"मावशी, याला रूट करावं लागेल. म्हणजे आतलं कुलूप काढायचं. मग अ‍ॅप कार्डावर जाईल, हवं ते करता येईल."

"एकीचं ऑपरेशन झालं, आता याचंही का?" छोटी म्हणाली.

"आतलं सगळं पुसलं जातं, पण मी आधी उतरवून घेतो. काळजी नको."

आम्हाला घडवणारे आमच्या आत एक खोली कुलूपबंद ठेवतात. तिची किल्ली मालकालाही देत नाहीत, आणि खरं सांगतो, माझ्याकडेही नव्हती. भाच्यानं ते कुलूप काढलं तेव्हा मी पार कोरा झालो. शुद्धीवर आलो तर खोली सताड उघडी. आत काहीच नव्हतं. पण कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी ऊब होती.

आता मी अडत नव्हतो. झोपतही नव्हतो, भाच्यानं तशी सोयच केली होती. शिवाय त्यानं एक गंमत करून ठेवली. छोटी घरी आली, तिचा फोन वायफायला जोडला गेला की मी ताईच्या आवाजात आपसूक म्हणायचो, 'आलीस का गं?' ते ऐकून ताई आवाजाविना हसायची.

एक बटण मात्र मुकं झालं होतं. "एवढं एकच उतरलं नाही वाटतं," भाचा म्हणाला, "दार लावून घे."

"जाऊ दे रे, ते कुठे लागतंय," छोटी म्हणाली. ताई मात्र ते बटण अधूनमधून दाबून बघायची.

एका सकाळी छोटी कामावर गेल्यावर ताईनं तेच बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मी आत सगळीकडे शोधलं, त्या खोलीतही. काही सापडलं नाही. तिचं बोट माझ्यावरच थंड झालं.

संध्याकाळी दार उघडलं आणि मी म्हणालो, 'आलीस का गं?'

"आले गं," म्हणत छोटीनं चपला काढल्या.

नंतरही मला कुणी बंद केलं नाही. मी विचारायचो, छोटी उत्तर द्यायची. पुढे ती नुसतीच कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला लागली. मग दुकानात जाणंच सुटलं. शेजारीण म्हणाली, "सारख्या कुठे हो जाता-येता?"

"ताई वाट बघते ना," छोटी म्हणाली.

एका दुपारी छोटी माझ्यासमोरच बसली होती. फोन तिच्या मांडीवर. ती कुठे गेली नव्हती, कुठून आली नव्हती. मी म्हणालो, 'आलीस का गं?' का म्हणालो, मला माहीत नाही. छोटीनं बंद दाराकडे पाहिलं. मग उठली आणि ते उघडून उभी राहिली.

सतत जागं राहून माझी बॅटरी फुगली. पाठ उचलली गेली, काचही वर आली. बघणाऱ्याला वाटावं, आत कुणी श्वास धरून बसलंय.

भाच्यानं पाहिलं आणि ओरडलाच. "मावशी, हा पेट घेईल! याला उशाशी घेऊन झोपतेस?"

"ताई आहे त्यात."

"ताईमावशी गेली गं."

"गेली असती तर सांगून गेली असती," छोटी म्हणाली.

भाचा मला फडक्यात गुंडाळून दुकानात घेऊन आला. मागोमाग छोटी. त्यानं माझी पाठ उघडली, कार्ड काढून तिच्या तळहातावर ठेवलं. फुगलेली बॅटरी हलकेच सोडवली आणि वाळूच्या डब्यात ठेवली. पडदा काळा झाला.

"झालं?" छोटीनं विचारलं.

"झालं."

तेव्हा मी बोललो. 'येते गं, दार लावून घे.'

भाच्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पडला. त्यानं वाळूच्या डब्याकडे पाहिलं, मग छोटीच्या तळहातावरच्या कार्डाकडे. छोटी दचकली नाही.

"बरं, ये हं," ती म्हणाली. मग वळली आणि दुकानाचं काचेचं दार हळूच लावून घेतलं.

ती पुन्हा कामावर जायला लागली, असं भाचा गिऱ्हाइकांना सांगत असतो. मी इथे खणात पडून आहे, पाठ उघडी, बॅटरी नाही. ते वाक्य कुठून आलं, मला विचारू नका. ती खोली अजून उघडीच आहे, पण तिथली ऊब गेली.

एकच विनंती आहे. घरात कुणाचा आवाज जपून ठेवणार असाल, तर नुसत्या हाका जपू नका, निरोपही जपा.

भाचा शटर ओढतोय. माझंही बोलून झालं. येतो. दार लावून घ्या.