अँथुरियमच्या कुंडीतले वेलदोडे

माझं अँथुरियम नऊ वर्षांत एक दिवसही बिनफुलाचं राहिलं नव्हतं. इस्फहानच्या कोरड्या हवेत, तिसऱ्या मजल्यावर, हीटर चालू असताना ते जगवायचं तर हाताला गुण लागतो. कुंडीखाली खडे आणि पाणी घातलेलं ताट, पानं ओल्या फडक्यानं पुसायची, ऊन पडद्याआडून. पाणी केव्हा? बोटभर खोल माती कोरडी लागली की मगच.

या हिवाळ्यात पानं पिवळी पडली. शेवटचं लाल फूल देठापासून काळं पडून गळलं.

माझ्या मुलाला, फरामर्जला, तेवढंच हवं होतं. दर शुक्रवारी बायकोला घेऊन जेवायला येतो, आणि हे गेल्यापासून एकच पालुपद: घर बंद कर, आमच्याकडे राहायला चल.

"आई, तुला आता एक झाड सांभाळवत नाही. उद्या गॅस चालू राहिला तर?"

"तुझी दुपटी धुतलीत मी. गॅस मला शिकवू नकोस."

सून शेहला हळूच म्हणाली, "विसरून दोनदा पाणी घातलं जात असेल, आई."

विसरून! आणि मी!

"नवरोजपर्यंत बघू," फरामर्ज म्हणाला. "झाड गेलं तर हट्ट सोडायचा."

"आणि जगलं तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाहीस."

"कबूल."

खरं सांगते, मीही घाबरले. पाणी घातलं की कॅलेंडरवर रेघ मारायला लागले. रेघा बरोबर होत्या, तरी शुक्रवार झाला की माती ओलीच. शेवटी एका शनिवारी कुंडी वर्तमानपत्रावर उलटी केली. मुळं तपकिरी, लिबलिबीत. वास मात्र चहाचा. आणि मातीत वेलदोडे, ठेचलेले.

चहात वेलदोडा मी फक्त शुक्रवारी घालते, प्रत्येक पेल्यात एक. कुंडी असते फरामर्जच्या खुर्चीशेजारी. मी आत गेले की...

सडकी मुळं कात्रीनं उडवली, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली, नारळाचा भुसा, झाडाची साल आणि कोळसा घालून झाड नव्या कुंडीत बसवलं. कुंडी माझ्या खोलीत नेली. वेलदोडे धुऊन बशीत ठेवले, बशी फडताळात.

पुढच्या शुक्रवारी जेवणानंतर चहाच्या सामोवारपाशी बैठक मारली. तिथून हललेच नाही.

"कुंडी कुठंय?" फरामर्जनं विचारलं.

"तुला कशाला? चहा पी."

दुसरा पेला दिला. तिसरा दिला. त्याचा हात खुर्चीशेजारी गेला आणि रिकामाच परत आला.

"घे रे, आईकडे संकोच कसला?" मी चौथा पुढे केला.

"आई, पुरे!" तो ओरडलाच. "विषासारखा कडू असतो तुझा चहा! एका पेल्यापुढे मला जात नाही, लहानपणापासून जात नाही!"

शेहलानं तोंडाला रुमाल लावला. हसत होती मेली.

आता मात्र मी उठले, फडताळातली बशी तिच्यापुढे ठेवली. "तेवीस निघाले. सगळे याचेच की तुझेही?"

हसणं थांबलं. "थोडे माझे, आई. तुम्ही एवढ्या आग्रहानं देता, नाही कसं म्हणायचं?"

"मला नाही म्हणायला जीभ नाही, विसरभोळी म्हणायला आहे!"



नवरोजला, वसंताच्या पहिल्या दिवशी, झाडाला फूल नव्हतं. एक नवं पान मात्र आलं होतं, तांबूस, गुंडाळलेलं, तकतकीत. फरामर्जनं वाकून बराच वेळ पाहिलं. बोटानं माती चाचपली, कोरडी होती. घराचा विषय निघाला नाही.

मी दोघांना एकेक पेला दिला. दुसऱ्याचं विचारायला तोंड उघडलं होतं. मिटून घेतलं.