तेवीस वेळा बिडी

आमच्या निपाणीच्या कॉलेजात पोरं तीन हजार, आणि इंटरनेटच्या दारावर राखणदार न्हाय. म्हणून फायरवॉल घ्यायचं ठरलं. कुणाला काय उघडू द्यायचं, काय न्हाय, हे बघणारं यंत्र ते. दोन कंपन्यांची यंत्रं आठवडाभर लावून बघायची आणि एक निवडायचं, हे काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातलं. मी गोमटेश, कॉम्प्युटर लॅब माझ्याकडं असती.

पहिलं यंत्र गपगुमान काम करून गेलं. दुसरं लई बोलकं निघालं. कोण काय उघडायला गेलं आणि अडलं, ते नावानिशी पडद्यावर दाखवायचं. कंपनीचा सूरज रोज दुपारी यादी उघडायचा आणि मी चहा तसाच ठेवून बघत बसायचो. खोटं कशाला सांगू, मजा यायची.

गुरुवारी यादीत सगळ्यात वर रचना, बी.कॉम. दुसरं वर्ष. प्रकार तंबाखू. तेवीस वेळा अडवलेलं.

"पोरगी हाय का धुराडं?" मी म्हटलं. सूरज हसला, मीबी हसलो.

पण ते तेवीस काय डोक्यातनं जाईना. निपाणीत राहून तंबाखू बघायला इंटरनेट कशाला लागतंय? उठलो आणि लॅबमध्ये गेलो. रचना कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर चोविसाव्यांदा तेच पान उघडत बसलीती.

"काय गं, बिडी ओढतीस व्हय?" चार पोरांसमोर विचारलं. माझ्या जिभेला हाडच न्हाय.

ती उभी राहिली. "न्हाय सर. आई वळती."

मी पडद्याकडं वाकलो. बिडी कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज होता. पानाच्या पत्त्यात 'बिडी' दिसलं म्हणून यंत्रानं दार लावून टाकलंतं. तो पत्ता आमच्या यादीतबी होता, नावाखाली बारीक अक्षरात. आम्ही नावच वाचलं.

"शेवटची तारीख कधी?"

"आज. पाचपर्यंत."

घड्याळात सव्वाचार झालेले. "आणि न्हाय गेला तर?"

"आई म्हणाली, मग पुढच्या वर्षी कॉलेज बास. माझ्यासंगं वळायला बस."

खिशातला मोबाईल काढला, त्याच्या नेटवर तिचा कॉम्प्युटर जोडला आणि पान उघडलं. ती भरत गेली, मी एकेक कागद चढवत गेलो.

"घरच्या मोबाईलवरनं का न्हाय भरलास?"

"बटणांचा हाय सर."

"मग मला सांगायचं की गं. सोमवारपास्नं अडलंय हे."

ती टाईप करायची थांबली न्हाय. "तुम्ही वरडता, सर."

मला माझीच लाज वाटली. चार बावन्नला अर्ज गेल्याची पावती आली. तिनं ती दोनदा वाचली आणि मग कुठं खाली बसली.

शनिवारी प्राचार्यांनी विचारलं, "काय गोमटेश, कुठलं घ्यायचं?"

"पहिलं. आणि नुसता शब्द बघून अडवायचं बंद करून घेऊ."

"पण ते नावं दाखवत नाही. पोरं काय करतात हे आपल्याला कळणार कसं?"

"मी जाऊन विचारीन सर," मी म्हटलं. "हळू आवाजात."