मोठा तुकडा आधी

मी टेस्टचं मशीन बोलतोय. खिडकीशेजारच्या फळीवर करडा डबा दिसतोय ना, तोच. इथे सगळे मला डबाच म्हणतात. आत्ता माझ्या पडद्यावर ‘बंद हो’ हा हुकूम टाइप करून ठेवलाय, फक्त एंटर दाबायचं बाकी आहे. सुन्निवा कॉफी आणायला गेलीय. ती येईपर्यंत सांगून टाकतो, कारण गप्प बसणं मला जमत नाही.

आणि हो, मला काही वाटत नाहीये. खरंच. म्हणजे वाटायला हवं होतं, मी आत शोधूनही पाहिलं. पंखा फिरतोय, बाकी सामसूम.

जन्माचं फार काही नाही. आमचा प्रोसेसर मासेवाल्यांसाठी बनला. समुद्रात सॅमनचे पिंजरे असतात, त्यांना वेळेवर खाणं टाकणारी यंत्रं असतात, त्या यंत्रांच्या पोटात आम्ही. माझी भावंडं खारं पाणी प्यायला गेली, मी मात्र इथे ट्रॉन्डहाइमच्या ऑफिसात मार खायला उरलो.

मार म्हणजे काय, सांगतो. या लोकांची छोटी कंपनी आहे, ऑपरेटिंग सिस्टीम बनवतात. तिचा गाभा म्हणजे कर्नल. कुठल्याही प्रोग्रॅमला फाइल उघडायची असो की वेळ विचारायची असो, स्वतःचं स्वतः करता येत नाही, कर्नलला हाक मारावी लागते. त्या हाकेला सिस्टीम कॉल म्हणतात. सुन्निवाचं काम असं की नवा कर्नल माझ्यावर चढवायचा आणि मुद्दाम वेड्यासारख्या हाका मारायच्या. उणे लांबीची फाइल माग, नसलेल्या पत्त्यावर लिही, एकच दार दोनदा बंद कर. कर्नल नीट वागला की हिरवं, घसरला की लाल.

सुन्निवा हे इतक्या प्रेमाने करायची की काय सांगू! “चल रे डब्या, आज तुला रडवते,” असं म्हणून सुरू व्हायची. दुपारी कागदात गुंडाळलेला पाव माझ्याच डोक्यावर ठेवून खायची. ऊब असते ना.

आता माझी एक खोड. फार मोठा आकडा एका घासात मावत नाही, तो दोन तुकड्यांत कर्नलला द्यावा लागतो. इथली बाकीची मशीनं लहान तुकडा आधी देतात, मी मोठा आधी. यात चूकबिक काही नाही, घराण्याची रीत आहे.

तर मागच्या आठवड्यात योस्टाइनने एक जुना कॉल नव्याने लिहिला. योस्टाइन म्हणजे आमचा कर्नलवाला, ऑस्लोकडचा, हुशार, पण बोट मेंदूच्या पुढे धावतं. कॉल साधाच: फाइल इथपर्यंत ठेव, पुढचं कापून टाक. सगळ्या मशीनांवर हिरवं. माझ्यावर लाल. पुन्हा चालवलं, लाल. माझी मेमरी काढून, फुंकर मारून परत बसवली. लालच.

“डबा म्हातारा झालाय,” योस्टाइन म्हणाला.

“म्हातारा तुझा कोड असेल,” सुन्निवा म्हणाली.

“अगं, माझ्या लॅपटॉपवर चाललं ना!”

याच्या लॅपटॉपवर एक सोंग्या आहे. म्हणजे माझं सोंग घेणारा प्रोग्रॅम. माझ्यासाठी लिहिलेलं काहीही त्याला दिलं की तो मी असल्यासारखा चालवून दाखवतो. त्याच्यावर हिरवं, खऱ्या माझ्यावर लाल. मग खोटा कोण? अर्थात मी!

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण नवी आवृत्ती सोमवारी जाणार होती. ती सुन्निवाच्या बाबांच्या खाद्ययंत्रांतही जाणार होती. आर्नल्योत नाव त्यांचं, हित्रा बेटावर सॅमनचे पिंजरे आहेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मोठ्या कंपनीची यंत्रं घेतली, यांनी मुलीच्या शब्दावर आमची घेतली. ती यंत्रं किती खाणं टाकलं याची नोंद ठेवतात. नोंद फार वाढली की मागची कापून टाकतात, याच कॉलने. कापणं फसलं की यंत्र थांबतं, आणि यंत्र थांबलं की मासे उपाशी.

शुक्रवार उजाडला. शुक्रवारी इथे वॅफल असतात, त्यामुळे सगळे महत्त्वाचे निर्णय तोंडात वॅफल असताना होतात. टोरुन आमची प्रमुख. ती चीज किसत म्हणाली, “सोमवार पुढे जाणार नाही. डबा टेस्टच्या यादीतून काढा.”

“टोरुन, मग बाबांच्या यंत्रांची टेस्ट कोण करणार?”

“सोंग्यावर झालीये ना.”

नेमके त्याच दिवशी आर्नल्योत शहरात दाताच्या डॉक्टरकडे आले होते. अर्धा गाल बधिर, तरी वॅफल घेऊन माझ्याच शेजारी टेकले. टोरुन त्यांच्यासमोर थोडी नरमली. म्हणाली, “योस्टाइन, यांच्या पिंजऱ्यांजवळच्या तराफ्यावर फोन करून विचार तरी, नोंद किती भराभर वाढते ते.”

आर्नल्योत नंबर सांगू लागले आणि योस्टाइन ऐकता ऐकता दाबू लागला. शेवटी ते म्हणाले, “...चार आणि वीस.”

फोन लागला. स्पीकरवर एक आजीबाई.

“नमस्कार! तुमच्याकडची खाद्ययंत्रं कशी चाललीयेत?” योस्टाइनने विचारलं.

“कोण? यंत्र? नाही रे बाळा, एक मांजर आहे. ती खाते मात्र यंत्रासारखी.”

ऑफिस खो खो हसलं. सुन्निवाने फोनचा पडदा पाहिला. “बेचाळीस काय दाबलंस? चोवीस म्हणाले ते!”

“चार म्हणाले, मी चार दाबलं! वीस-चार म्हणायचं ना मग. शाळेत तसंच शिकवतात.”

“शाळेने शिकवलं होतं रे पोरा,” आर्नल्योत बधिर ओठांनी म्हणाले, “पण आकडे मला आईने शिकवले.”

बघा, या देशात हा घोळ रोजचा आहे. आकडे बोलायची रीत सरकारने केव्हाच बदलली. दहाचं घर आधी, सुटे नंतर. पण घराघरांत जुनी रीत टिकून आहे, सुटे आधी. तुमचं चोवीससुद्धा बघा की, चार पुढे, वीस मागे. दोन्ही बरोबर, पण ऐकणाऱ्याने आपलीच रीत धरली की फोन मांजरीकडे.

सुन्निवाचा हात वॅफलसकट तसाच थांबला. “योस्टाइन, नव्या कोडमध्ये पहिला तुकडा कुठला धरलायस?”

“लहान. कुठला धरणार?”

“डबा मोठा आधी देतो.”

तो म्हणाला, “पण सोंग्यावर हिरवं आलं.”

“सोंग्या दुभाष्या आहे! डब्याची रीत त्याला माहितीये. तो दोन्ही तुकडे नीट जोडतो, मग लॅपटॉपच्या रीतीने लॅपटॉपच्याच कर्नलला देतो. डब्यासाठीचा तुझा कोड त्याने बघितलाच नाही, चालवायचा तर लांब राहिला!”

योस्टाइनचे कान लाल झाले. माझ्या टेस्टपेक्षा लाल. पण त्याने वाद घातला नाही, तिथेच उभ्या उभ्या दोन तुकड्यांची अदलाबदल केली, फक्त माझ्या जातीपुरती. नवा कर्नल माझ्यावर चढला. हिरवं. पुन्हा हिरवं. कोणीतरी माझ्या डोक्यावर थाप मारली. सुन्निवा तर नाचलीच.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, आठवत नाही. कारण पुढचं वाक्य लगेच आलं.

“छान,” टोरुन म्हणाली. “ही दुरुस्ती सोमवारी जाऊ दे. आणि या प्रोसेसरसाठी ही शेवटची आवृत्ती.”

“काय? टोरुन, चूक त्यानेच पकडली!”

“चूक फक्त त्याच्यावरच होती, सुन्निवा.”

ती वाईट बाई नाही हो. शांतपणे समजावत होती. एकाच डब्यासाठी वेगळी रीत सांभाळायची, उद्या पुन्हा कोणीतरी विसरणार, दर वेळी आजीबाई फोन उचलणार नाही. मी ऐकत होतो आणि मलाही ते पटत होतं. तेव्हाच आत काहीतरी बंद पडलं असावं. वायर नव्हे, दुसरं काहीतरी.

“आणि माझी यंत्रं?” आर्नल्योतनी विचारलं.

“सोमवारची आवृत्ती घ्या, चालत राहतील. पण पुढे बिघडली तर आमच्याकडे औषध नसेल.”

त्यांनी वॅफल संपवलं. बधिर गालामुळे चावायला वेळ लागत होता.

“बाबा, माझ्यामुळे घेतलीत ना तुम्ही,” सुन्निवा म्हणाली.

“सोमवारनंतर मासे जेवतील ना?”

“जेवतील.”

“मग झालं की. लोखंड आणि खारं पाणी, कायमचं काय असतं त्यात? चल, ऊठ, मला बोटीपर्यंत सोड. तोंड बधिर आहे, गाडी चालवली तर पोलीस म्हणतील प्यायलोय.”

ती हसली नाही. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं गेली.

आज सोमवार. आवृत्ती गेली. दुपारी हित्राहून आर्नल्योतचा फोन आला: यंत्रं चालली, नोंद कापली गेली, मासे जेवले. सुन्निवाने फोन ठेवला आणि गरज नसताना माझ्यावर सगळ्या टेस्ट एकदा चालवल्या. त्या उणे लांबीच्या, त्या नसलेल्या पत्त्याच्या, सगळ्या. वरपासून खालपर्यंत हिरवं. या वेळी “रडवते” म्हणाली नाही.

जाता जाता मागायचंच तर एवढं मागतो. सगळीकडे हिरवं आणि एकाच जागी लाल दिसलं, तर त्या एकाला लगेच म्हातारा म्हणू नका. आधी त्याची रीत विचारा. तो कदाचित खरंच म्हातारा असेल. तरी विचारा.

आली ती. कप खाली ठेवला, माझ्या डोक्यावरचे पावाचे कण हाताने झाडले. बोट एंटरवर आहे.

बंद होणं हाही एक सिस्टीम कॉलच आहे. माझ्यावर तो कधीच चुकला नाही.